धुमालसाठी सिंथ बेस: हार्डवेअर घेऊ का लॅपटॉपवरच करू?

वणीवाला_कीबोर्ड:
नमस्कार मंडळी. वणी तालुक्यात आमची धुमाल पार्टी (वरातीत ढोल-कीबोर्ड वाजवणारा बँड) आहे, कीबोर्ड माझ्याकडे. लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये सिंथ बेस (सिंथेसायझरचा खालचा, जाड आवाज) बनवतो. हेडफोनवर छाती हलते, पण वरातीच्या गाडीवर नुसती घुमघुम, सूर कोणता ते कळतच नाही. कापसाच्या पैशातून तीसेक हजार बाजूला ठेवले आहेत. मिनीमूग सिंथेसायझरचा क्लोन (नक्कल) घेऊ, रोलँडच्या टीबी-३०३ या बेस मशीनचा घेऊ, की सॉफ्टवेअरच नीट शिकू? तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होते, त्याआधी ठरवायचं आहे.

काटोलकर:
हार्डवेअर घे भाऊ. गाडीवरची धूळ, मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन, त्यात जनरेटरचा करंट कमी-जास्त. लॅपटॉप तापला की आवाज कडकड करते. नॉबला हात घातला की काम झालं, माऊस शोधत बसा लागत नाही.

पुलगाव_साउंडवाला:
मी बॉक्स भाड्यानं देतो आणि मिक्सरवर मीच उभा असतो, म्हणून बॉक्सकडून सांगतो. आधी बघ, बेस कोणत्या सुरावर आहे. सी१ (अगदी खालच्या सप्तकातला सी) म्हणजे ३२.७ हर्ट्झ. गाडीवरचे १८ इंची बॉक्स बहुतेक ४० च्या खाली दम सोडतात. ई१ (४१.२) च्या वरच राहा, ए१ (५५) च्या आसपास तर फार छान वाजते.

दुसरं, नुसता साइन वेव्ह (एकदम साधी, गोल लहर) लावला असशील तर सूर ओळखू येणारच नाही. कान सूर पकडतो वरच्या हार्मोनिक्सवरून (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट हर्ट्झचे सूर). ५५ चा सूर असेल तर ११० आणि १६५ पण ऐकू यायला पाहिजे. व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथची फुकट आवृत्ती किंवा सर्ज एक्सटी घे (ते तर पूर्ण फुकट). खाली साइन, वर सॉ (करकरीत लहर), सॉवर २४ डीबीचा लो-पास (वरचा आवाज कापणारा फिल्टर), मग थोडा ड्राइव्ह (आवाज जरासा फाडणं). साइनवर युनिसन (एकाच सुराच्या अनेक प्रती) आणि स्टिरिओ अजिबात नको, मोनोच ठेव. डिके (सूर विरायला लागणारा वेळ) आखूड कर, नाहीतर ढोलाच्या थापेवर बेस चढून बसते आणि दोन्ही मरतात. माझ्या मते तुझी अडचण इथंच आहे, मशीनमध्ये नाही.

३०३ बद्दल: रोलँडनं ती १९८१ मध्ये बेस गिटारच्या जागी वाजवायला काढली. ऑसिलेटर (लहर तयार करणारा भाग) एकच, लहर सॉ किंवा स्क्वेअर. आवाजाच्या वजनासाठी ती नाही, तिची मजा स्लाइड (सुरातून सुरात घसरणं) आणि ॲक्सेंटमध्ये (एखाद्या सुरावर जोर). मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये तिच्यावर राग वाजवले, ऐक एकदा. आपल्या चालींना स्लाइड मींडेसारखी बसते, ते मला मनापासून आवडते. वजन पाहिजे तर तीन ऑसिलेटरच्या मिनीमूगच्या वळणाचं घे.

काटोलकरभाऊंचं उन्हाचं म्हणणं खरं आहे. पण कीबोर्डमध्ये सॅम्पल (रेकॉर्ड केलेला आवाज) लोड होत असेल तर व्हायटलमधला बेस सूर-सूर रेकॉर्ड करून त्यात टाक. लॅपटॉप घरीच राहते.

वणीवाला_कीबोर्ड:
सॅम्पल लोड होते दादा! माझी बेसलाइन सी१ वरच होती. पण गाडीवर वाजवतानाच फिल्टरचा नॉब फिरवायचा असला तर?

पुलगाव_साउंडवाला:
तेवढ्यासाठी कोर्ग कंपनीचा व्होल्का बेस हा छोटा सिंथ बघ. सहा पेन्सिल सेलवर चालते, जनरेटर गेला तरी चालू. आवाज मात्र साठवत नाही, नॉब जिथं असेल तोच आवाज. पॅनेलचा मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. आउटपुट छोट्या हेडफोन जॅकचं आहे, तर मिक्सरची केबल आधी करून घे.