'अपर्चर खोललं की खोली कमी होते' हे मराठी आहे का?

दांडियाबाजार
नवरात्रीच्या आधी आम्ही इथे बडोद्यात नवशिक्यांसाठी कॅमेऱ्याचा छोटा वर्ग घेतोय. येणारे सगळे मराठी घरांतले, पण शिकलेले गुजराती नाहीतर इंग्रजी शाळांत. टिपण मात्र मराठीतच हवं, असा ज्येष्ठांचा हट्ट. अपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक, त्याबद्दल मी लिहिलं : "अपर्चर खोललं की प्रकाश जास्त येतो आणि खोली कमी होते." पुण्याच्या मावसबहिणीला तपासायला पाठवलं, तर तिचा प्रश्न : "खोललं म्हणजे खोल केलं ना? मग खोली वाढायला हवी. आणि खोली कुठली, कॅमेऱ्यातली?"

इथल्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी 'लेन्स खोल' हेच आहे. ते चुकीचं आहे का? दुसरी अडचण याहून मोठी. "अपर्चर वाढव" म्हटलं की मुलं आकडा वाढवतात. ५.६ वरून थेट ११. मग फोटो काळा येतो आणि मुलं माझ्याकडे बघतात. काय लिहू?

सदाशिवपेठी
'खोलणे' हिंदी आहे, विषय संपला. मराठीत कुलूप उघडतात, दार उघडतात, तोंडही उघडतात. अपर्चरला 'छिद्र' म्हणा आणि 'छिद्र उघडा' लिहा. खोलीच्या जागी 'पल्ला' घ्या : स्पष्टतेचा पल्ला. माणसाच्या नाकापासून मागच्या झाडापर्यंत किती भाग नीट दिसतो, तो पल्ला. इतका सोपा शब्द हाताशी असताना खोलीत कशाला शिरायचं?

राजमहालरोड
पल्ला आवडला, उचलला. पण 'खोलणे' हिंदी म्हणून हाकलू नका. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी शब्दकोशात आहे. माझी आजी "आलेलं पत्र अजून खोललं नाही" असंच म्हणायची, आणि तिला हिंदी अजिबात येत नव्हतं. गुजरातीत 'खोलवुं' आहे म्हणून आमच्याकडे ते टिकलं असेल. पुण्यात मेलं म्हणून सगळीकडे सुतक पाळायचं का?

'छिद्र' मात्र मला नको. छिद्र म्हटलं की दात आठवतो, नाहीतर दुसऱ्याचे दोष काढणारा माणूस. शिवाय छिद्र असतं किंवा नसतं. हे लहानमोठं होणारं आहे.

मास्तरीणबाई
मोठं-लहान होणारं हवं असेल तर ते रोज आरशात दिसतंच की. शाळेच्या पुस्तकात डोळ्याच्या रंगीत पडद्याला 'बुबुळ' आणि मधल्या काळ्या भोकाला 'बाहुली' म्हणतात. कॅमेऱ्यातल्या पात्यांच्या चकतीला आयरिस म्हणतात, म्हणजे बुबुळच. मग मधल्या जागेला बाहुली का नको? लॅटिनमध्येही या भोकाचं नाव 'पुपिला', म्हणजे छोटी बाहुलीच. दुसऱ्याच्या डोळ्यात आपलं इवलंसं प्रतिबिंब दिसतं म्हणून.

आणि क्रियापदं तर तयारच आहेत. अंधारात डोळे विस्फारतो, उन्हात किलकिले करतो. वर्गात सांगा : "उन्हात आहेस, बाहुली किलकिली कर." कोणी आकडा उलटा फिरवणार नाही.

जुनी_काच
बाईंचा शब्द त्यांना वाटतो त्याहून नेमका आहे. लेन्सच्या आकड्याचा हिशेब पात्यांमधल्या खऱ्या भोकाच्या मापावर होत नाही. समोरून काचेतून ते भोक जेवढं दिसतं, त्या व्यासावर होतो. प्रकाशशास्त्रात त्या दिसणाऱ्या भोकाला बाहुलीच म्हणतात, फक्त इंग्रजीतून.

अडाणी_भिंग
वर्गात बाहुली म्हणाल तर पोरं हसतील. बघ ने, एवढा सोपा शब्द आहे : अपर्चर. टेबलाला मेज म्हणत नाही ना आपण? दुकानात जाऊन "या भिंगाची बाहुली केवढी?" विचारलं तर दुकानदार खेळण्यांच्या गल्लीत पाठवेल.

सदाशिवपेठी
ज्या शहरात हे लिहिताय त्या शहराला हे शोभत नाही. सयाजीराव महाराजांनी राज्यकारभारातल्या शब्दांसाठी अनेक भाषांतले प्रतिशब्द देणारा 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' काढला, १९३१ साली. तेव्हाही कोणी म्हणू शकलं असतं की इंग्रजी शब्द चालतोय, चालू द्या.

राजमहालरोड
कल्पतरू कचेऱ्यांसाठी होता हो. न्याय, महसूल, खाती. भिंगवाल्यांसाठी नव्हता. त्याहून कलाभवनाची आठवण काढा, आज तिथे विद्यापीठाची तंत्रशाखा आहे. १८९० साली ते सुरू झालं आणि कारागिरी मातृभाषेतून शिकवायची हा त्याचा आग्रह होता. दादासाहेब फाळके तिथे शिकले, पुढे गोध्र्याला त्यांनी फोटोचा स्टुडिओ काढला. ते गिऱ्हाइकासमोर छिद्र म्हणत होते की बाहुली, हे कळलं असतं तर हा धागा लागलाच नसता.

मामलेदार_काका
शब्द राहू द्या. मुलं आकडा उलटा का फिरवतात ते आधी बघा. त्यांना तो आकडा वाटतो, तो अपूर्णांक आहे. एफ/८ मधली तिरपी रेघ भागाकाराची आहे. एफ म्हणजे लेन्सचं नाभीय अंतर, फोकल लेंथ. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/२ ला असेल तर ५० भागिले २, बाहुली २५ मिलिमीटरची. एफ/८ ला सव्वासहा मिलिमीटरची. छेद मोठा, तुकडा लहान.

आमच्या पिढीला हे शिकवावंच लागलं नसतं. निमकी-पावकी, म्हणजे निम्म्या-पावाचे पाढे, पाठ होते. आणि शेराची मापं आठवा : अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. निम्मा, चौथा, आठवा, सोळावा. म्हणजेच एफ/२, एफ/४, एफ/८, एफ/१६! लेन्सच्या कड्यावर आजीचा मापांचा संच कोरलाय. "छटाकभर उघड" म्हटलं की कोणीही समजेल की थोडंच उघडायचंय.

दांडियाबाजार
काका, दंडवत! हे टिपणात जाणार.

जुनी_काच
जाऊ द्या, पण एक तळटीप हवी. अच्छेराचं पावशेर केलं की साखर निम्मी होते. एफ/२ चं एफ/४ केलं की बाहुलीचा व्यास निम्मा होतो, क्षेत्रफळ चौथाई होतं. म्हणजे प्रकाशही चौथाई. म्हणून तर मधे २.८ आहे, मग ५.६, मग ११. दर पायरीला व्यास १.४ पटीनं घटतो (दोनाचं वर्गमूळ) आणि प्रकाश बरोबर निम्मा होतो. काकांची मापं दोन-दोन पायऱ्या एकदम उतरतात.

मामलेदार_काका
मग २.८ ला अच्छेर आणि पावशेर यांच्या मधलं नाव शोधा. पाच छटाक कमी पडतं, सहा छटाकही जरा जास्तच होतं.

अडाणी_भिंग
या पायरीला 'स्टॉप' का म्हणतात? काहीच थांबत नाही की.

जुनी_काच
प्रकाश अडतो. पूर्वी लेन्समध्ये पाती नव्हती. वेगवेगळ्या मापाची भोकं पाडलेल्या पितळी पट्ट्या असायच्या. लेन्सच्या नळीला खाच, तिच्यात हवी ती पट्टी सरकवायची. वॉटरहाउस नावाच्या इंग्रजाची ही युक्ती, १८५८ ची. पट्टी कडेचा प्रकाश अडवते, म्हणून स्टॉप. मराठीत 'आड' म्हणता येईल. "दोन आड कमी कर."

सदाशिवपेठी
आड! आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. हा शब्द चालेल मला.

मास्तरीणबाई
तो आड वेगळा, बाळा. विहीर आणि आडोसा एक नव्हेत.

फतेगंजची_पोर
मी त्या वर्गाला येणार आहे म्हणून विचारते. माझ्याकडे कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ ची लेन्स आहे, तिच्यावर ३.५-५.६ लिहिलंय. गरब्यात रात्री फोटो पाडायचे तर किती ठेवू? आणि मागचे दिवे गोल गोल धूसर दिसतात त्याला बोके का म्हणतात?

जुनी_काच
१८ वर ३.५ पर्यंत उघडते, ५५ वर ५.६ च्या पुढे उघडतच नाही, असा त्याचा अर्थ. गरब्यात १८ कडे राहा, ३.५ ला ठेवा, शटर १/२५० सेकंदाच्या आसपास, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवा. दाणे दिसतील, दिसू द्या. चनियाचोळीचा घेर फिरताना थोडा पुसट आला तर बिघडत नाही, चेहरा स्थिर यायला हवा. बोके जपानी आहे, धूसरपणा. मांजरांचा संबंध नाही.

सदाशिवपेठी
फोटो 'पाडायचे'? फोटो काढतात. पाडतात ते घर, पाऊस, फार तर दात.

फतेगंजची_पोर
आमच्या घरी सगळे पाडतातच म्हणतात.

सदाशिवपेठी
गुजराती 'फोटो पाडवो' जसंच्या तसं आलंय. हीच ती घसरण.

राजमहालरोड
थांबा. टाकसाळीत नाणी काय करतात? पाडतात. वड्या? पाडतात. कुरडया, जिलब्या, मोदकाच्या कळ्या? साच्यातून किंवा हाताखालून एकसारखी वस्तू बाहेर येते तिथे मराठी 'पाडणे'च वापरते. निगेटिव्हवरून फोटो छापणं यात चपखल बसतं. उलट 'काढणे' बघा : चित्र काढतात, घाण काढतात, उणीदुणी काढतात. गुजरातीनं आपलाच शब्द जपून ठेवला असेल तर?

सदाशिवपेठी
नाणं पाडतात कारण ठसा वरून आपटतो. फोटोत काय आपटतं?

अडाणी_भिंग
जुन्या कॅमेऱ्यात आरसा आपटतो. खटाक! ऐकलं नाही का कधी?

मामलेदार_काका
प्रकाश फिल्मवर 'पडतो', तो पाडणारा आपण. व्याकरणानं प्रयोजक. तक्रारीला जागा नाही.

दांडियाबाजार
मंडळी, टिपण शनिवारी छापायला द्यायचंय. बाहुली, छिद्र की अपर्चर?

मास्तरीणबाई
अपर्चर लिही, पण क्रियापद 'वाढव' नको. 'उघड' आणि 'मिट'.

सदाशिवपेठी
'मिट' नाही, 'मीट'. उघड-मीट. आणि 'पाडणे'बद्दल मी हरलेलो नाही. व्हिडिओ पण पाडता का मग तुम्ही?

फतेगंजची_पोर
नाही, व्हिडिओ उतारतो.