कुरी, तिफण का पाभर? चित्राखाली काय लिहू

रंकाळाकाठ: मंडळी, एका शब्दावर गाडी अडलीय. वडलांनी जुन्या अवजारांची वॉटरकलरं केलीत, नांगर, कुळव, जू, मोट असली, त्यांची छोटी पुस्तिका छापतोय. बी पेरायच्या अवजाराच्या चित्राखाली त्यांनी पेन्सिलीनं 'कुरी' लिहिलंय. प्रूफ तपासणारे म्हणतात प्रमाण शब्द तिफण, कुरी कुणाला कळणार. वडील आता नाहीत विचारायला.

फणकारा: फण मोज की, मातीत घुसणारे दात. तीन तर तिफण, दोन तर दुफण. त्यात काय एवढं.

रंकाळाकाठ: तिथंच घोळ हाय. कागद ओला असतानाच रंग सोडलाय, तीन नळ्या स्वच्छ दिसत्यात आणि चौथी रेघ मागं मातीच्या रंगात विरघळलीय.

शिरोळकडचा: कुरीच ठेव भावा. आमच्यात तिफण म्हटलं तर म्हातारी माणसं हसतील. मूळ कानडी, कूरिगे. पाभर म्हणणारे पण भेटतात म्हणा, पण ते घाटाकडनं आलेले पाहुणे.

शुद्धलेखनी: कानडी शब्दाचा एवढा अभिमान कशाला? तिफणीत 'तीन' आणि 'फण' दोन्ही सरळ दिसतात. आणि 'वॉटरकलरं' काय, जलरंग लिहा.

पापाची तिकटी: ज्या कोल्हापूरनं बाबुराव मेस्त्रींचं बाबुराव पेंटर केलं तिथं वॉटरकलर चालत नाही व्हय?

शुद्धलेखनी: ते टोपणनाव. टोपणनावावरून भाषा ठरत नाही.

चाड्यावरची मूठ: भांडा निवांत, पण ती चौथी रेघ फण नसंल. आजोबा चाड्यावर, म्हंजे बी सोडायच्या वाटीवर, मूठ धरायचे आणि आजी मागनं मोघणं धरून चालायची, दोरीनं बांधलेली सुटी नळी, त्यातनं तूर सोडायची. मूठ सैल पडली की आजोबा बैलांवर ओरडायचे, बैलांचा काय संबंध देव जाणे. रेघ जरा तिरकी हाय का बघ.

रंकाळाकाठ: तिरकी हाय!! आणि शेवटाला एक निळसर ठिपका, मला वाटलं ब्रश सांडला. लुगडं असंल का?

शिरोळकडचा: मोघणं असू दे नाहीतर काय, नाव कुरीच.

फणकारा: नांगर लाकडी काढलाय का लोखंडी? किर्लोस्करांचा १९०३ चा असंल तर तसं लिही खाली, शाहू महाराजांनी त्यांना लोखंडासाठी जुन्या तोफा दिलेल्या.

रंकाळाकाठ: लाकडीच हाय. पण कुरीचं काय करू, परवा फाईल द्यायचीय.

पापाची तिकटी: ते जूचं चित्र टाक आधी. शिवळा, जूच्या खुंट्या, नीट काढल्यात का बघू.