मावशीच्या कॅमेऱ्यातले अस्पष्ट फोटो

मावशी: पहिलावहिला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा, आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा, हाती येऊन आज तीन आठवडे झाले. आतापर्यंत चारशेच्या आसपास फोटो काढले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक अस्पष्ट आले आहेत. त्याच खोलीत, त्याच वेळी मोबाइलवर काढलेले फोटो मात्र स्वच्छ दिसतात. सोबत मिळालेल्या १८-५५ मिलिमीटरच्या लेन्समध्येच दोष असावा, असे मला वाटू लागले आहे. ती परत करण्याची मुदत चार दिवसांनी संपते आहे, म्हणून तुम्हा दोघांचे मत हवे आहे. तीन नमुने पाठवले आहेत.

मामा: लेन्स परत करायचे आज ठरवू नकोस. तुझे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. ते तिन्ही अस्पष्ट आहेत हे खरे, परंतु प्रत्येकाचे कारण निराळे आहे, आणि कारण निराळे असल्यामुळे उपायही निराळा आहे. पहिल्या फोटोत भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे, खुर्चीची कड आणि दिव्याचा ठिपका हे सगळे एकाच दिशेने ओढल्यासारखे दिसतात, म्हणजे तिथे कॅमेरा हलला आहे. दुसऱ्यात सोफ्याची वीण स्पष्ट आहे आणि फक्त धावणारे मूल पुसले गेले आहे, म्हणजे तिथे मूल हलले आहे. तिसऱ्यात काहीच हललेले नाही. समोरच्या कुंडीचे पानन्‌पान रेखीव आहे आणि मागे बसलेल्या आईचा चेहरा मऊ पडला आहे, म्हणजे तिथे फोकस कुंडीवर बसला आहे. कोणताही अस्पष्ट फोटो पुसून टाकण्यापूर्वी या तिन्हींपैकी काय घडले ते ओळखायची सवय लावून घे.

मावशी: दादा, हे वेगळेपण माझ्या ध्यानातच आले नव्हते; मी सगळ्यांना एकाच मापाने मोजत होते. पहिल्या फोटोची माहिती कॅमेऱ्यात पाहिली: झूम ५५ मिलिमीटर, लेन्सचे छिद्र एफ ५.६, शटर उघडे राहिल्याचा वेळ १/२० सेकंद, आणि प्रकाशाची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ४००.

मी: मावशी, यातला १/२० हा आकडाच पुरेसे सांगतो. हातात धरलेल्या कॅमेऱ्यासाठी जुना ठोकताळा असा आहे की, लेन्स जितक्या मिलिमीटरवर असेल, शटरचा वेग सेकंदाच्या निदान तितक्याव्या भागाइतका हवा. तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारी चिप, फिल्मच्या ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीपेक्षा लहान, एपीएस-सी आकाराचा आहे, म्हणून त्या आकड्याला साधारण दीडने गुणायचे. ५५ ला दीडने गुणले की ८० च्या थोडे वर जाते, म्हणजे निदान १/८० सेकंद हवा होता आणि तू त्याच्या चौपट वेळ शटर उघडे ठेवलेस. शटर चौपट वेगवान केले की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. छायाचित्रकार याला दोन स्टॉप म्हणतात, कारण प्रत्येक स्टॉपला प्रकाश निम्मा किंवा दुप्पट होतो. ती तूट भरून काढायला आयएसओ ४०० वरून १६०० केला असतास, तर उजेडात काहीही फरक न पडता हाच फोटो स्थिर आला असता.

मावशी: आयएसओ वाढवला की फोटोत दाणे, म्हणजे बारीक ठिपके, येतात, असे सगळीकडे वाचले होते, म्हणून मी तो ४०० च्या पुढे कधी नेलाच नाही.

मामा: मीही वर्षभर हेच केले आणि त्याची मला आजही खंत वाटते. फिल्मच्या काळात एकदा रोल भरला की तो संपेपर्यंत एकच आयएसओ असे. ती शिस्त मनात इतकी पक्की होती की डिजिटल कॅमेऱ्यात प्रत्येक फोटोला तो बदलता येतो, ही सोय असूनही मी वापरली नाही. त्या वर्षातले संध्याकाळचे, घरातले जवळजवळ सगळे फोटो हललेले आहेत आणि त्यांतली काही माणसे आता पुन्हा समोर बसणार नाहीत. दाणे असलेला चेहरा ओळखू येतो आणि दाणे पुढे संगणकावर बरेच कमीही करता येतात. हललेला चेहरा मात्र परत मिळत नाही.

मावशी: लेन्सवर कंपन कमी करणारे बटण आहे, ते मी चालूच ठेवले होते. तरीही मूल का पुसले गेले?

मी: कारण ती सोय फक्त तुझ्या हाताची थरथर सावरते, समोरच्याच्या हालचालीवर तिचा काहीच परिणाम होत नाही. धावत्या मुलाला १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर लागते. तुझा तो फोटो ५५ मिलिमीटरवर, १/६० ला आणि आयएसओ ८०० वर आहे, म्हणजे इथेही साधारण दोन स्टॉप कमी पडले. आयएसओ थेट ३२०० करणे हा एक मार्ग. दुसरा मार्ग या लेन्सच्या रचनेतच आहे: ५५ वर तिचे छिद्र जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंत उघडते, पण १८ वर (एफचा आकडा लहान, तितके छिद्र मोठे) एफ ३.५ पर्यंत उघडते आणि तेवढ्याने सुमारे अडीचपट प्रकाश आत येतो. म्हणून घरात झूम करण्याऐवजी चार पावले पुढे जावे. चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन १८ वर काढू नये, नाक मोठे दिसते. पण खेळणाऱ्या मुलांसाठी ते फार सोयीचे पडते.

मावशी: मग मोबाइलला हे सारे का नडत नाही?

मी: बऱ्याच मोबाइलांत एका दाबात अनेक फोटो घेऊन, ते जुळवून एक फोटो तयार केला जातो. शिवाय त्याचा सेन्सर इतका लहान असतो की पुढचे-मागचे बहुतेक सगळेच रेखीव येते आणि फोकस थोडा चुकला तरी कळत नाही. तुझ्या कॅमेऱ्यात तो चुकला की लगेच दिसतो. पण मागची गर्दी विरघळून एकच चेहरा उठून येतो, तोही याच गुणामुळे.

मामा: आता आईचा फोटो. कॅमेरा फोकसचा बिंदू स्वतः निवडत होता आणि अशा वेळी तो बहुधा जवळची, ठळक कडांची वस्तू पकडतो. इथे कुंडी सापडली. मेनूत जाऊन एकच बिंदू, तोही मधला, निवड. तो डोळ्यावर ठेव, बटण अर्धे दाब, फोकस बसल्याची खूण दिसली की बोट न उचलता चौकट हवी तशी वळव आणि मग बटण पूर्ण दाब. माणूस अगदी जवळ असेल तर मात्र कॅमेरा वळवू नकोस, बिंदूच सरकव, कारण वळवताना फोकसचे प्रतलही, म्हणजे जिथे सगळे रेखीव येते ती पातळीही, सरकते. आणखी एक गोष्ट, जी नव्या माणसाला कुणी सांगत नाही: व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीच्या, शेजारी एक छोटे चाक आहे. आतले आकडे अगदी स्वच्छ दिसेपर्यंत ते फिरव. समोरच्या दृश्याकडे पाहून फिरवू नकोस. तू चष्मा काढून पाहत असशील, तर तुला सगळेच धूसर दिसत असणार.

मावशी: चष्मा काढूनच पाहत होते. चाक फिरवले आणि आतला एकेक आकडा लख्ख दिसू लागला. तीन आठवडे मी धुक्यातून पाहत होते! तरीही मुदत चार दिवसांची आहे, म्हणून लेन्सची खात्री कशी करावी ते सांगा.

मी: भिंतीवर वर्तमानपत्राचे पान सपाट चिकटव. कॅमेरा टेबलावर ठेवून त्या पानाला समांतर कर, कंपन कमी करणारे बटण बंद कर आणि दोन सेकंदांच्या टायमरने दोन फोटो काढ: एक व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून, दुसरा लाइव्ह व्ह्यूमध्ये मागच्या पडद्यावर फोकस करून. व्ह्यूफाइंडर वापरताना प्रकाशाचा काही भाग आरशांमार्फत एका वेगळ्या फोकस-सेन्सरकडे जातो आणि तिथे अंतर ठरते; लाइव्ह व्ह्यूमध्ये आरसा वर उचललेला असतो आणि फोकस मुख्य सेन्सरवरूनच ठरतो. पहिला मऊ आणि दुसरा रेखीव आला, तर त्या दोन वाटांचा मेळ बसत नाही, आणि तो सेवाकेंद्रात जुळवून मिळतो. दोन्ही मऊ आले तर लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे.

मावशी: आत्ताच काढले. एफ ५.६ ला आणि एफ ८ ला, दोन्ही पद्धतींनी. बारीक छपाईतली अक्षरे चारही फोटोंत वाचता येतात, चारही कोपऱ्यांत.

मामा: मग लेन्स निर्दोष आहे. ती ठेवून घे.

मावशी: ठेवते. छिद्राचे मान मी ठरवायचे आणि शटर कॅमेऱ्याने, ही पद्धत निवडली आहे. आयएसओ आपोआप ३२०० पर्यंत वाढू दिला आहे आणि शटर १/१२५ पेक्षा हळू होऊ नये, अशी मर्यादा घातली आहे. आई अजून खिडकीजवळच बसली होती. मधला बिंदू तिच्या डोळ्यावर ठेवून हा फोटो काढला: १/१२५, एफ ५.६, आयएसओ १६००. पापण्या मोजता येतात आणि कुंडी मऊ पडली आहे.