सल्ला हवाय: दोघांसाठी राफ्टिंग आणि डोंगरातलं तळं, सप्टेंबरअखेर, बजेट साडेतीन लाख

मुक्ता_घोडबंदर
नमस्कार मंडळी. गणपती आटोपले की लेक आजीकडे राहणार आहे आणि आम्ही दोघंच कुठेतरी जाणार आहोत. मला नदीत राफ्टिंग करायचंय, नवऱ्याला तळ्याकाठी पुस्तक घेऊन बसायचंय. दोन्ही एकाच सहलीत, भारताबाहेर. बजेट दोघांचं मिळून साडेतीन लाख, विमान आणि व्हिसा धरून. त्याच्या वर जायचं नाही. मला पोहता येतं, त्याला येत नाही. परदेशात गाडी चालवायची आमची तयारी नाही. मनात स्लोव्हेनिया आहे, सोचा नदी आणि ब्लेडचं तळं. कोणी गेलंय का? दुसरं काही सुचवणार असाल तर कारणासकट सांगा.

वाशीकर_सेक्टर१७
स्वित्झर्लंड. दुसरा विचारच करू नका. आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो. इंटरलाकेनला एका अंगाला थूनचं तळं, दुसऱ्या अंगाला ब्रिएंझचं, मधे गाव. ब्रिएंझचं पाणी असं काही निळंहिरवं दिसतं की फोटो पाहून लोक रंग भरलाय म्हणतात. हिमनदी खडक घासते, त्याचं बारीक पीठ पाण्यात तरंगत राहतं, त्यामुळे तो रंग. राफ्टिंग जवळच ल्यूचिने नदीवर होतं. आम्हाला माणशी साडेतीन लाख पडले, पण रोज रात्री वरणभात मिळत होता.

मुक्ता_घोडबंदर
दादा, साडेतीन दोघांचे मिळून आहेत.

वाशीकर_सेक्टर१७
वाढवा थोडं, ताई. एवढ्या लांब जाऊन पैशाकडे बघू नये. परदेश सहलीवर टीसीएस म्हणून आगाऊ कर कापतात ना, तो रिटर्न भरताना वळता होतो.

कळव्याचा_मंग्या
एवढा खर्च कशाला? नेपाळ. व्हिसा नाही, पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्रावरही विमानाने जाता येतं (आधार मात्र आपल्या वयाला चालत नाही, विमानतळावर वाद घालू नका). काठमांडू-पोखरा रस्त्यालाच त्रिशूली लागते, अर्ध्या दिवसाचं राफ्टिंग करून संध्याकाळी फेवा तळ्यावर. सकाळी होडीतून माछापुच्छ्रे शिखराचं प्रतिबिंब बघायचं. दीड लाखात दोघं राजासारखे फिराल.

खारघरची_नदीवेडी
मंगेशदादा, नेपाळ मलाही प्रिय आहे, पण सप्टेंबरअखेर नाही. तेव्हा पावसाळा पुरता सरलेला नसतो. २०२४ ला नेमक्या त्याच दिवसांत तिथे पूर आले, दोनशेहून जास्त माणसं गेली, काठमांडूच्या वाटेवर बसगाड्या दरडीखाली सापडल्या. तुम्ही म्हणताय तोच तो रस्ता. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते नोव्हेंबर, तेव्हा जरूर जावं. पाणी निवळलेलं आणि डोंगर मोकळे. आणि पोहता न येणाऱ्याला त्रिशूलीपेक्षा सेती नदी बरी, दमौलीहून उतरतात. पाणी कमी दांडगं आहे.

कळव्याचा_मंग्या
मी सप्टेंबरातच गेलो होतो, काही झालं नाही. मस्त ऊन होतं.

पाचपाखाडी_जोशी
फेवा काही पूर्ण नैसर्गिक तळं नाही, त्याच्या तोंडाशी बांध घालून पाणी राखलेलं आहे. तळंच बघायचं तर ते अस्सल असावं.

कळव्याचा_मंग्या
काका, ठाण्यात तलावपाळीला रोज फेरी मारताना विचारता का, अस्सल आहे की नाही ते?

पाचपाखाडी_जोशी
मासुंदा तलाव शेकडो वर्षांचा आहे. तिथली तुलना नको.

रबाळे_ट्रेकर
तुम्ही दोघांनी याआधी राफ्टिंग केलंय का? नसेल तर आधी कोलाड करा. भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सकाळी पाणी सोडतात, त्यावर कुंडलिका नदीतलं राफ्टिंग चालतं. म्हणून पहाटे निघावं लागतं. नवऱ्याला भीती वाटते की मजा येते ते इथेच कळेल, परदेशात हजारो रुपये भरून कळण्यापेक्षा.

डोंबिवली_फास्ट_नाही
कोलाडला जायचं म्हणजे मुंबई-गोवा महामार्ग. पाठीचे मणके सांभाळा.

रबाळे_ट्रेकर
तिथपर्यंतचा रस्ता आता बराच बरा आहे.

डोंबिवली_फास्ट_नाही
बरा? माझा टायर फुटला तो कुठे मग? पनवेल सोडलं की सुरूच. इतकी वर्षं झाली, अजून कामच चालू आहे. आणि ताई, तुम्हाला तर घोडबंदरहून निघायचंय, गायमुख घाटातच दोन तास जातील. विमानाला निघालात तरी हेच सांगतो, पाच तास हाताशी ठेवा.

ऐरोलीची_स्मिता
विम्याकडे लक्ष द्या, कोणी बोलत नाहीये म्हणून लिहितेय. आम्ही बालीला आयुंग नदीवर राफ्टिंग केलं. नदी सोपी, दोन्हीकडे हिरवीगार दरी, सगळं छान. उतरताना निसरड्या दगडावर ह्यांचा खांदा निखळला. दवाखान्याचा खर्च विमा कंपनीने नाकारला, कारण पॉलिसीत साहसी खेळ वगळलेले होते आणि विकणाऱ्याने ते सांगितलंच नव्हतं. शेंगेनला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाला, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, तो घेतला की लोक निश्चिंत होतात. त्यात राफ्टिंग धरलंय का हे लेखी विचारा. नदीच्या अवघडपणाच्या कितव्या श्रेणीपर्यंत धरलंय तेही.

बालीचा विचार करणार असाल तर आयुंग एक दिवस आणि मग वर बातुर तळ्यावर. ज्वालामुखीच्या खोलगट मुखात तळं आहे, काठाला थंडी असते. बजेटमध्ये सहज बसेल.

वाशीकर_सेक्टर१७
बालीला सगळेच जातात. स्वित्झर्लंडची सर नाही.

खारघरची_नदीवेडी
मुक्ताताई, आता सोचाबद्दल. मी उतरले आहे त्या नदीत आणि ते पाणी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पाचूसारखं हिरवं आणि इतकं नितळ की राफ्टमधून तळाचे पांढरे गोटे दिसतात. चुनखडीचा डोंगर आहे, त्यातून येतं. मुक्काम बोवेत्सला करा, बहुतेक राफ्टिंगवाले तिथेच आहेत. हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. मे महिन्यात बर्फ वितळून पाणी दणक्यात असतं, सप्टेंबरात उतरलेलं असतं, म्हणजे तुमच्या यजमानांसाठी उलट चांगलंच. एक अडचण आहे, शरद ऋतूत तिथे पाऊस अचानक झोडपतो आणि मग एखादा दिवस राफ्टिंग बंद ठेवतात. म्हणून बोवेत्सला एक दिवस जास्तीचा धरा.

पाणी ऑगस्टातही गार असतं, म्हणून जाड रबरी सूट, हेल्मेट, जॅकेट तेच देतात. आतून सुती कपडा घालू नका, ओला राहतो आणि थंडी शोषतो. चष्मा असेल तर मागून दोरी बांधा.

यजमानांना एवढं पाठ करून घ्या: राफ्टबाहेर पडलात तर पाठीवर तरंगायचं, पाय पुढे, प्रवाहाच्या दिशेने, बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न कधीच करायचा नाही, मग ते गुडघाभर का असेना. पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि पाणी माणसाला पुढे ढकलून खाली दाबतं. पोहता येणाऱ्यांनाही हे लागू आहे. तुम्हालासुद्धा, ताई.

गाडी मात्र घ्याच. व्हर्शिच खिंडीतून गेलात तर पन्नास वळणांचा घाट आहे, जन्मात विसरणार नाही. आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत एक हजारात मिळतो. आणि राहायला ब्लेडच. तिथलं दुसरं तळं बोहिन, तिथे सप्टेंबरअखेर संध्याकाळी सातनंतर काही उघडं नसतं.

कळव्याचा_मंग्या
म्हणजे गार पाणी, पाऊस, घाट आणि भाडं युरोत. नेपाळ सांगतोय मी.

पाचपाखाडी_जोशी
बोहिन हे स्लोव्हेनियातलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं आहे. ब्लेड त्याहून बरंच लहान, पण बेटावर चर्च असल्यामुळे फोटो त्याचेच येतात. वल्ह्याची लाकडी होडी बेटावर नेते, मग ९९ पायऱ्या चढायच्या. शेंगेन व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे आणि नाकारला तर ते परत मिळत नाही. माझ्या भाच्याचा नाकारला, काही कारण नसताना.

ऐरोलीची_स्मिता
विम्याचं विसरू नका. साहसी खेळ धरलेत का, लेखी.

बेलापूर_बाबा
अहो, ऋषिकेश काय वाईट आहे? गंगा आहे, वर टिहरीचं पाणी आहे. देशाबाहेर पैसा कशाला घालवायचा?

मुक्ता_घोडबंदर
सगळ्यांचे मनापासून आभार. स्मिताताई, तुमच्या सांगण्यावरून काल दोन पॉलिसी वाचल्या, एकीत राफ्टिंग स्पष्ट वगळलेलं निघालं. ती बाजूला ठेवली.

आमचं ठरलं. स्लोव्हेनियाच, पण गाडी नाही आणि ब्लेडला मुक्कामही नाही. व्हेनिसला उतरून रेल्वेने गोरित्सिया, तिथून सीमा पायीच ओलांडून नोव्हा गोरित्सा. मग सोचाच्या काठाकाठाने बसने बोवेत्स. राफ्टिंग आधी उरकणार आणि पावसासाठी एक दिवस मोकळा ठेवणार. मग मोस्त ना सोची या स्टेशनवर यायचं. तिथून १९०६ ची जुनी रेल्वे डोंगराखालून सहा किलोमीटरच्या वर बोगदा पार करून थेट बोहिनच्या बाजूला निघते. व्हर्शिचचा घाट चुकतोय हे खरं, नदीवेडीताई, पण ती रेल्वे पाहिली आणि आम्हा दोघांचं एकमत झालं. उरलेल्या सगळ्या रात्री बोहिनला. सातनंतर काही उघडं नसतं हे वाचूनच नवरा खूश झाला. ब्लेडला बसने एक दिवस जाऊन येऊ, होडी आणि पायऱ्या दोन्ही करू.

उतरणार इटलीत असलो तरी जास्त रात्री स्लोव्हेनियात आहेत, म्हणून व्हिसाचा अर्ज स्लोव्हेनियाकडेच करतोय. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, त्यामुळे आताच अपॉइंटमेंट शोधतेय. घरच्या स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली की साडेतीनात बसतंय, दोनदा हिशोब केला.

कोलाड मात्र जूनमध्ये नक्की. रबाळेदादा, तारीख ठरली की विचारते.

वाशीकर_सेक्टर१७
ताई, तुम्ही व्हेनिसपर्यंत जाताच आहात तर तिथून स्वित्झर्लंड रेल्वेने जवळच आहे बघा.

रबाळे_ट्रेकर
जूनचा शेवटचा रविवार धरा. आम्ही आठजण आहोत, राफ्टमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. घणसोलीहून पहाटे चारला निघतो.