मदत हवी आहे: बुलेट क्लस्टरबद्दल काकांना काय उत्तर देऊ?

नमस्कार मंडळी,
गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर अधूनमधून आकाशदर्शन असतं. आता नाशिकच्या पावसाळ्यात आकाश कसलं दिसतंय, म्हणून यंदा खाली हॉलमध्ये बुलेट क्लस्टरवर बोलायचं मी कबूल करून बसलोय.

अगस्त्य ज्या तारकासमूहात आहे त्याच कॅरिनामध्ये, पण सुमारे ३.७ अब्ज प्रकाशवर्षं दूर, दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेलेत; तोच हा बुलेट क्लस्टर. दोघांचा तापलेला वायू एकमेकांवर आदळून मागे रेंगाळला. चंद्रा या अवकाश दुर्बिणीच्या क्ष-किरण चित्रात तो स्पष्ट दिसतो. पण या समूहांच्याही पलीकडे असलेल्या दीर्घिकांचा प्रकाश त्यांच्या गुरुत्वाकर्षणानं किती वाकतो ते मोजून २००६ मध्ये वस्तुमानाचा नकाशा काढला, तर जड भाग पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांपाशी!

म्हणून तिथे डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं कृष्णद्रव्य आहे, असं मी सांगत होतो. रंगीत तालमीतच ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी अडवलं: "अरे, दीर्घिका आहेत तिथेच वस्तुमान सापडलं. मग डार्क मॅटर कशाला आणतोस मध्ये?" मला धड उत्तर देता आलं नाही. शिवाय डार्क मॅटर आपसात धडकत नाही, हे कितपत खात्रीनं सांगू?

प्रतिसाद
काकांना आधी विचारा, वायू जड की तारे? अशा समूहांत तारे वजनाला किरकोळ, वायू त्यांच्या कितीतरी पट. दिसणारा पदार्थच सगळं काही असता, तर नकाशातली शिखरं वायूवर यायला हवी होती. ती तिथे नाहीत, मुद्दा एवढाच. गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदलू पाहणाऱ्या मॉन्डवाल्यांनाही इथे काहीतरी न दिसणारं वस्तुमान धरावंच लागतं.

'धडकत नाही' असं छातीठोक सांगू नका. २०१५ मध्ये हबल आणि चंद्राच्या निरीक्षणांतून दीर्घिकासमूहांच्या ७२ टकरी तपासल्या, त्यातून फक्त वरची मर्यादा मिळाली: डार्क मॅटरच्या दर ग्रॅममागे धडकेसाठी फार तर ०.४७ चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळ. धडकत असेलच तर याहून कमी. एबेल ५२० या दुसऱ्या एका धडकलेल्या दीर्घिकासमूहामध्ये मात्र वायूपाशीच, दीर्घिका नसलेल्या जागी, वस्तुमानाचा गोळा दिसल्याचं एका गटाचं म्हणणं होतं. २०१२ मध्ये दुसऱ्या गटाला तो सापडला नाही. कुणी विचारलं तर हेही सांगा.

आणि स्लाइडवर ते नेहमीचं चित्र लावणार असाल, तर गुलाबी म्हणजे वायू आणि निळा हा गणितानं काढून वर चढवलेला नकाशा, हे सुरुवातीलाच सांगून टाका. नाहीतर "कृष्णद्रव्य निळं कसं?" हा प्रश्न पहिल्याच रांगेतून येणार.