प्रति: दंड वाढवा, अफवा थांबतील?

युद्धात खोटं पसरवणाऱ्याला जबर दंड लावला की तो गप्प बसेल, असं वर म्हटलंय. पटत नाही. गेम थिअरीतला (एकमेकांच्या चालींवर अवलंबून असलेल्या निर्णयांचं गणित) तपासनीस आणि लबाड यांचा साधा दोन-बाय-दोन खेळ, म्हणजे दोघांपुढे दोन-दोनच पर्याय, कागदावर सोडवून पाहा. समतोलात, म्हणजे एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही अशा स्थितीत, लबाडी किती होणार हे लबाडाच्या दंडावर ठरतच नाही. ते ठरतं तपासणीला किती खर्च येतो आणि खोटं पकडून काय पदरात पडतं यावर. दंड वाढवला तर कमी तपासूनही धाक राहतो, म्हणून उलट तपासनीसच सैल पडतो! (मलाही आधी गणित चुकलंय असंच वाटलं होतं.)

म्हणजे तपासणी स्वस्त करायला हवी. युक्रेनने तेच केलं. राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की शरणागती जाहीर करताहेत असा बनावट व्हिडिओ येऊ शकतो, हे तिथल्या सरकारी यंत्रणेने मार्च २०२२ च्या सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं. १६ मार्चला तो डीपफेक खरंच आला, एका वृत्तवाहिनीची वेबसाइट हॅक करून. झेलेन्स्कींनी त्याच दिवशी स्वतःचा व्हिडिओ टाकला आणि प्रकरण हसण्यावारी गेलं. पहिली चाल तपासणाऱ्याची होती, लोकांना शोधाशोध करावी लागली नाही. डोकं आणि मानेचा रंगही जुळत नव्हता म्हणा, त्याचाही हातभार लागलाच.