मदत हवी आहे: जांभ्याचा सडा आणि रानातला चिखल, दोन्हीला एकच बूट चालेल का?

नमस्कार. मी डिचोलीची. कॉलेजात एनसीसीत असताना नकाशा-होकायंत्र घेऊन फिरायची गोडी लागली होती, ती वीस वर्षांनी परत जागी झालीय. डिसेंबरात ओरिएंटीअरिंगच्या, म्हणजे नकाशा-होकायंत्रावर ठिकाणं शोधत धावण्याच्या, एका स्पर्धेत उतरायचं ठरवलंय. सराव गावामागच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, आणि साखळी-वाळपईकडच्या रानात.

अडला आहे तो बूट. माझ्याकडे रस्त्यावर पळायचे जाड गादीचे बूट आहेत. चवथीच्या आदल्या रविवारी पाऊस थांबल्यावर सड्यावर गेले. जांभा काळा पडलेला, वरून कोरडा वाटणारा. नकाशावरून नजर उचलायला आणि टाच सरकायला एकच गाठ पडली. घोटा मुरगळला, तळहातात तांबडे कण रुतले. तिथेच बसून बूट उलटा केला, तर टाचेकडची नक्षी पार झिजलेली.

पायवाटेवर पळताना पुढचं पाऊल दिसत असतं. इथे वाटच नसते. 1:10,000 च्या नकाशावर 1 सेंमी म्हणजे 100 मीटर, आणि तेवढ्यात सडा, कारवीची झुडपं, ओहोळ असं सगळं येऊन जातं. डोळे नकाशावर, अंगठा नकाशातल्या आपल्या जागेवर. पायाखाली काय आहे ते बुटालाच कळायला हवं.

दुकानात मला वॉटरप्रूफ, घोट्याच्या वरपर्यंत येणारे बूट दिले. गुडघाभर ओहोळ ओलांडला, पाणी वरून आत गेलं ते बाहेर येईना. उरलेली वाट दोन बादल्या ओढत चालल्यासारखी गेली.

तळाचे दात किती खोल घ्यावेत? धातूचे खिळे असलेले ओरिएंटीअरिंगचे बूट जांभ्यावर चालतात का? पाय पुढून रुंद आहे, बजेट आठ हजारांपर्यंत.

रानवाट, फोंडा

ताई, आधी घोटा बरा होऊ दे. सुजलेल्या पायाने बुटाचं माप घेऊ नका.

चिखलाला खोल आणि एकमेकांपासून दूर असलेले दात लागतात, म्हणजे माती अडकून बसत नाही. इनोव्ह-एट कंपनीच्या मडक्लॉ बुटाचे दात 8 मिमीचे, ते याचसाठी. पण ओल्या खडकावर दातांची टोकंच तेवढी टेकतात आणि पकड कमी होते. तिथे काम करतं ते मऊ रबर. आपल्याकडे दोन्ही असल्यामुळे मी 4 ते 5 मिमी दात आणि मऊ रबर असं घेतो. मऊ रबर लवकर झिजतं, ते सोसायचं. डांबरी रस्त्यावर ते बूट घालूच नका.

वॉटरप्रूफ नकोच. जाळीचा, पाणी झटकन सोडणारा हवा. घरी आल्यावर आतलं सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला. उन्हात तापवलात तर चिकटवलेलं सुटायला लागतं. गादीही जाड नको: पाय जमिनीपासून जितका उंच, तितका घोटा वळायला मोकळा.

खिळे गवताच्या उतारावर, ओल्या लाकडावर छान धरतात. सड्यावर मात्र घालू नका, असं कळकळीने सांगतो. या दिवसांत तिथल्या ओलीत दवबिंदू आणि सीतेची आसवे ही किडे खाणारी नाजूक रानफुलं असतात. खिळ्याखाली ती पुरती उपटून येतात. साध्या बुटानेही उघड्या खडकावरूनच पळा.

कुळागर

एक भर. बूट संध्याकाळी बघा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. सॉक्स घालून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी होतात. सगळ्यात वरची दोन भोकं रिकामी ठेवू नका, त्यातून लेस फिरवून टाच आवळून घ्या. आणि आमच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, पायऱ्यांवर शेवाळ असतं तशी जागा शोधून, एका हाताने आधार धरून, एक-दोन पावलं टाकून बघा. दुकानाच्या फरशीवर काहीच कळत नाही.

मूळ प्रश्न विचारणारी

देव बरें करूं, दोघांचंही. त्या फुलांवरून मी कित्येक रविवार धावले असेन, पुढच्या वेळी कडेकडेच्या खडकावरून जाईन. 4-5 मिमी आणि जाळीचा, हे पक्कं केलं. रुंद पायाचं तेवढं राहिलं. म्हापसा-पणजीकडे कुणाकडे सहा नंबरचे असे बूट असतील, तर एकदा पायात घालून बघायला मिळतील का? मी स्वतः येईन.